जावई शेजारच्या सीटवर

तिलक नगर, जयपूर
१४ जून

कौमुदी,

तू मला ब्लॉक केलंयस हे कळायला मला दोन दिवस लागले. आधी वाटलं नाशिकला सासरी रेंज नसेल. मग समोरच्या मितालीने माझा फोन हातात घेतला आणि म्हणाली, "काकू, मतलब, तिने तुम्हाला बंद केलंय." इतकं हळू बोलली, जणू कोणी गेल्याची बातमी देतेय. म्हणून हे पत्र. पत्र बंद करता येत नाही. फाडता येतं, पण वाचल्याशिवाय तू फाडणार नाहीस, तेवढी मी तुला ओळखते.

जाताना दारात उभी राहून तू म्हणालीस, "बाबांनी स्वतःची नोकरी वाचवायला माझ्या नवऱ्याला बुडवलं." बाबा आतच होते. त्यांना ऐकू जावं म्हणूनच तू मोठ्याने बोललीस, आणि त्यांनी ऐकलं. त्यांनी पंखा बंद केला आणि तसेच घामात बसून राहिले. जूनमधल्या जयपूरमध्ये.

तुझं म्हणणं अगदीच खोटं आहे असं मी म्हणणार नाही. कागदावर तसंच दिसतं. त्या दिवशी विमान तुझा तन्मय चालवत होता, बाबा कॅप्टन म्हणून शेजारी बसून लक्ष ठेवत होते. जयपूर जवळ आलं, आंधी, म्हणजे इथलं धुळीचं वादळ, यायच्या बेतात होती, वारा फिरला आणि मागून ढकलायला लागला. विमान उंच राहिलं, वेगात राहिलं. इतकी वर्षं पायलटची बायको म्हणून काढली, नियम मलाही पाठ आहे: पाचशे फुटांवर वेग आणि उंची जागेवर नसेल तर उतरायचं नाही, "गो अराउंड" म्हणायचं आणि परत वर जायचं. दोघांपैकी कोणीही म्हणो, दुसऱ्याने वाद न घालता ऐकायचं. त्या दिवशी दोघांपैकी कोणीच म्हटलं नाही. विमान धावपट्टीवर फार पुढे टेकलं, पट्टी संपली तरी थांबेना, मातीत गेलं, पुढचं चाक मोडलं आणि लोकांना रबरी घसरगुंडीवरून खाली उतरवावं लागलं.

तन्मयने लिहून दिलं, "कॅप्टन काही बोलले नाहीत, म्हणून मला ठीक वाटलं." बाबांनी लिहून दिलं, "माझं लक्ष बाहेरच्या धुळीकडे होतं." झालं. चूक चालवणाऱ्याची ठरली. बाबांना समज देतील, काही महिने घरी बसवतील, मग परत विमानात. तन्मयला मात्र काढणार, आणि जुलैत चौकशी समितीसमोर शेवटची साक्ष आहे, तिथे नवीन काही पुढे आलं नाही तर त्याचं लायसन्सही जाणार. अजून तिशीही गाठली नाही पोराने.

आयुष्यभर विमान चालवणारा माणूस ऐन वेळी धुळीकडे बघत बसला, हे तुला पटत नाही. मलाही पटलेलं नाही. पण ते का गप्प बसले ते मला माहीत नाही. विचारून बघितलं. उत्तर दिलं नाही.

मुरलीपुऱ्यातल्या तुमच्या फ्लॅटवरच्या कुंड्या इकडे आणल्या आहेत. वॉचमन भैया पाणी घालतो म्हणाला होता, पण त्याच्याकडे बघून मला भरवसा वाटला नाही. तुळस वाचेल. मोगऱ्याचं सांगता येत नाही.

घसरगुंडीवरून उतरताना ज्यांचं खुब्याचं हाड मोडलं त्या चौमूं गावच्या यमुनादेवी अजून हॉस्पिटलात आहेत. बाबा एक दिवसाआड जातात. आत जात नाहीत, बाहेर बाकावर बसून येतात.

आई


तिलक नगर
२४ जून

कौमुदी,

उत्तर नाही. नको देऊ. पाकीट पोचलं आणि तू ते पदराआड न्यावं तसं आतल्या खोलीत घेऊन गेलीस, असं तुझ्या सासूबाईंनी कळवलं. त्या बऱ्या आहेत गं. आपण उगाच त्यांना घाबरायचो.

परवा चौकशी समितीतली एक मुलगी घरी आली होती. मुलगी म्हणजे चाळिशीची असेल. गौतमी नाव. वडील रेल्वेत, नागपूरहून बदली होऊन इथे आले आणि इथलेच झाले, त्यामुळे तिचं मराठी अडखळतं आणि मध्येच हिंदीत शिरतं. ती यंत्रं बघत नाही. माणूस का चुकतो, एवढंच बघते. झोप झाली होती का, घरी भांडण होतं का, शेजारच्याची भीती वाटत होती का, असलं सगळं. मी मनात म्हटलं, भांडणं शोधायला सरकार पगार देतं, मग मला का नाही घेत.

पण बाई हुशार आहे. पोहे खाल्ले, चहा घेतला आणि मग बाबांना म्हणाली, "सर, कोण चुकलं ते मशीन सांगतं. का चुकलं ते मशीन नाही सांगत. वो आपको ही सांगावं लागेल."

बाबा म्हणाले, "लिहून दिलंय. धूळ होती."

"धूळ होती, हो. पण सर, कॉकपिटच्या रेकॉर्डरवर पाचशे फुटांनंतर तुमचा एक श्वास आहे. मी पुन्हा पुन्हा ऐकला. बोलायच्या आधी माणूस घेतो ना, वैसा. मग पुढे काही नाही. तुम्ही काय बोलणार होता?"

कौमुदी, मी तेव्हा कपबश्या उचलत होते. तुझ्या बाबांचा चेहरा मी कशाकशात पाहिला आहे, आजीला पोचवून आले तेव्हा पाहिला, तुझी पाठवणी केली तेव्हा पाहिला. असा कधी पाहिला नव्हता. ते म्हणाले, "खोकला आला असेल."

ती वाद घालत बसली नाही. निघताना दारात मला म्हणाली, "आँटी, आमच्या रिपोर्टात कोणाचं नाव नसतं. कारण असतं फक्त. कारण नाही मिळालं, तर पुढच्या माणसाला काय शिकवू?" मी काय बोलणार. चप्पल इकडे आहे म्हटलं.

ती गेल्यावर मी त्यांना खूप बोलले. तन्मय तुमचा जावई आहे, तो उद्या दुकानात बसला तर चालेल का तुम्हाला, वगैरे. ते ऐकून घेत राहिले. शेवटी एकच म्हणाले, "अलका, तू मला शब्द दिला आहेस."

तेव्हा आता खरं लिहिते. मागच्या पत्रात मी लिहिलं की का गप्प बसले ते मला माहीत नाही. ते खोटं होतं. मला माहीत आहे. अपघाताच्या दिवशीच हॉस्पिटलमधून तपासणी करून आणलं तेव्हा गाडीत त्यांनी सांगितलं, आणि कोणाला बोलणार नाही असा माझ्याकडून शब्द घेतला. माझा जीव नुसता टांगणीला लागलाय. पण दिलेला शब्द आहे, म्हणून आज इथेच थांबते.

आई


तिलक नगर
१ जुलै

कौमुदी,

यमुनादेवी गेल्या. ऑपरेशन नीट झालं होतं, उठून बसत होत्या, मग रक्ताची गाठ फुप्फुसात गेली म्हणे. काल चौमूंला त्यांच्या तीये की बैठक होती. इथे तिसऱ्या दिवशी लोक शोकाला येऊन बसतात ती. बाबा म्हणाले, मी जाणार. मी म्हटलं, लोक मारतील तुम्हाला. म्हणाले, मारू देत. मग मीही गेले, बायकांच्या बाजूला बसले.

पुरुषांकडे पांढऱ्या चादरी अंथरल्या होत्या. लोक येत होते, फोटोपुढे फुलं वाहत होते, थोडं बसून हात जोडून उठत होते. बाबा बसले ते उठेनात. यमुनादेवींचा मुलगा, पृथ्वीराज नाव, तुझ्यापेक्षा जरा मोठा असेल, त्याला वाटलं असेल आईच्या ओळखीचे कोणी आहेत. जवळ येऊन म्हणाला, "आप कहाँ से पधारे, बाबूजी?"

बाबांनी सांगून टाकलं. "मैं उस जहाज़ का कैप्टन हूँ."

एक म्हातारे उठून उभे राहिले. मला वाटलं आता हात उगारतात. पृथ्वीराजने त्यांना बसवलं आणि बाबांसमोर तसाच उकिडवा बसला. रागाने नाही गं, खरंच. आपण डॉक्टरांना विचारतो तसं विचारलं, "तो आप ही बताइए. हुआ क्या था?"

त्या माणसासमोर तुझ्या बाबांना धूळ म्हणवेना आणि खरं बोलवेना. हात जोडले आणि उठले. परत येताना गाडी मी चालवली. चौमूंपासून सीकर रोडचा तो सगळा ट्रॅफिक, ट्रक, आणि शेजारी हा माणूस रडतोय. मी बाजूला गाडीही घेतली नाही. घेतली असती तर मीही रडत बसले असते.

मी शब्द मोडतेय, कौमुदी. नीट बसून वाच, आणि तन्मय जवळ असेल तर आधी एकटीने वाच.

अधिकातलं जेवण आठव. जावयाचं वाण म्हणून तन्मयचे आईबाबा नाशिकहून आले होते, मी दोन दिवस अनारसे तळत होते, तन्मयला पाटावर बसवून ओवाळलं, चांदीचं ताट दिलं. आणि सगळं छान चाललेलं असताना तुझ्या बाबांनी व्याह्यांसमोर तोंड उघडलं. आदल्या आठवड्यात तन्मयने विमान जरा जोरात टेकवलं होतं, त्यावरून म्हणाले, "तन्मयराव, तुम्ही विमान उतरवत नाही, टाकता." स्वतःच हसले. दुसरं कोणी हसलं नाही. तन्मयच्या आईचा घास हातातच राहिला. वाण द्यायला बोलावलं आणि पानावर बसवून अपमान केला, अशी गत.

मग तू स्वयंपाकघरात बाबांना गाठलंस. रडत होतीस. म्हणालीस, "बाबा, माझ्या गळ्याची शपथ आहे तुम्हाला. यापुढे तन्मयला एक शब्दही शिकवायचा नाही. घरी नाही, कुठेच नाही." ते तुझी समजूत घालायला लागले. तू त्यांचा हात धरून स्वतःच्या गळ्यावर ठेवलास. ते म्हणाले, "बरं."

त्यानंतर चार दिवसांनी कंपनीच्या कॉम्प्युटरने दोघांना एका विमानात घातलं. बाबांच्या मनात आलं होतं ड्यूटी बदलून घ्यावी. पण ते तन्मयला कळलं असतं, आणि जावयाबरोबर उडायला कॅप्टन तयार नाही असा बभ्रा झाला असता. तोही अपमानच.

गाडीत ते मला जे म्हणाले ते जसंच्या तसं लिहिते. "शब्द ओठांवर आला होता अलका. मग वाटलं, क्षणभर थांबू, तो आपला आपण सावरेल. मी बोललो आणि तो सावरणारच होता असं निघालं, तर मी परत एकदा त्याला खाली बघायला लावलं असतं. पोरीला शब्द दिला होता. थांबलो. तेवढ्यात जमीन आली."

शपथा मोडल्या की कोणी मरतं यावर त्यांचा काडीचा विश्वास नाही. तुला ठाऊक आहे, ग्रहणात जेवणारा माणूस. पण ती तू घातली होतीस. आणि तो शेजारी बसलेला मुलगा नवा पायलट असता तर त्याला ते ओरडले असते, आजवर कितीकांना ओरडलेत. तो जावई होता. जावयाला आपण बोलत नाही. आपल्याकडे हे असंच आहे, मुलीचा संसार त्याच्या हातात असतो म्हणून सासऱ्याने मूग गिळून बसायचं. बाबांनी पहिल्यांदाच ते पाळलं, आणि नको तिथे पाळलं.

समितीला ते हे सांगत नाहीत, कारण हे सांगितलं की, रिपोर्टात नाव नसलं तरी, बोट तुझ्याकडे जातं. "कोणी मेलं तर तिला आयुष्यभर वाटेल मीच मारलं," असं ते तेव्हा म्हणाले होते, तेव्हा यमुनादेवी जिवंत होत्या. आता तर काय बोलायची सोयच नाही. तन्मय बुडाला तरी चालेल, मुलगी तुटली तरी चालेल, तुटू दे पण माझ्यावरच्या रागाने तुटू दे, असा त्यांचा हिशेब आहे. तू म्हणालीस ते स्वतःची नोकरी वाचवतायत. बाई गं, ते तुला वाचवतायत.

तुझी चूक नाही असं मी म्हणणार नाही, कारण तू ते मानणार नाहीस. नवऱ्याचा अपमान झाला म्हणून लेक बापाशी भांडली, एवढंच तू केलंस. विमान तुझ्या डोक्यातही नव्हतं. पण आता ही गाठ त्यांना सुटत नाही, मलाही सुटत नाही. ज्याने शपथ घातली त्यानेच ती सोडवायची असते. साक्ष वीस तारखेला आहे.

आई


तिलक नगर
२८ जुलै

कौमुदी,

आता फोन आहे, तू बोलतेस, तरी हे लिहायला बसले. फोनवर तू मध्येमध्ये रडतेस आणि मग मला पुढचं सुचत नाही.

तुझा तो पहिला फोन आला तेव्हा बाबा भाजी निवडत होते. तुझं नाव बघून त्यांनी फोन माझ्याकडे सरकवला. मी हात मागे घेतले. शेवटी उचलला. तू काय बोललीस ते मला ऐकू आलं नाही, फार थोडं बोललीस. ते "हं" म्हणाले. फोन ठेवला आणि परत गवार मोडायला लागले. मी विचारलं, काय म्हणाली? म्हणाले, "शपथ सुटली म्हणाली." लहानपणी खेळताना म्हणायचीस तसं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू शब्द मोडलास." मी म्हटलं, हो, मोडला. पुढे दोन-तीन दिवस घरात फक्त कुकर बोलत होता.

साक्षीला दिल्लीला मी बरोबर गेले, बाहेर बसले. आत काय झालं ते त्यांनी येताना थोडं थोडं सांगितलं. समितीपुढे त्यांनी सगळं सांगितलं: जेवण, टोमणा, शपथ, श्वास. गौतमीने एकच प्रश्न विचारला. शेजारी जावई नसता, दुसरा कोणी असता, तर बोलायला किती वेळ लागला असता? बाबा म्हणाले, "अजिबात नाही." तिने ते लिहून घेतलं म्हणे.

तन्मयचं तर तुला कळलंच आहे. पुन्हा ट्रेनिंग, परीक्षा, मग परत उडेल. बाबांचं उडणं संपलं. समितीने संपवलं नाही, त्यांनी स्वतःच कंपनीला कळवून टाकलं. युनिफॉर्म धोब्याकडे होता तो परत आला, कपाटात टांगलाय. पुढचं पुढे बघू.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. परवा फोनवर तू म्हणालीस, मला चौमूंला जायचंय, पृथ्वीराजच्या पाया पडून माफी मागायची आहे. त्याआधी ऐक, बाबा रविवारी तिथे जाऊन आले. या वेळी मी गेले नाही, त्यांनी नको म्हटलं.

पृथ्वीराजने त्यांना आत बसवलं, पाणी दिलं. त्याने जे विचारलं होतं त्याचं उत्तर बाबांनी त्याला दिलं, काही न गाळता. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "हमारे यहाँ तो सास दामाद से घूँघट करती है. माँ ने मेरे जीजाजी के सामने कभी मुँह नहीं खोला." आणि थोड्या वेळाने म्हणाला, "समझ तो मैं गया, बाबूजी. माफ़ अभी नहीं होगा."

बाबा म्हणाले, मी माफी मागायला आलोच नव्हतो. त्याने विचारलं होतं म्हणून सांगायला आलो होतो. निघताना पृथ्वीराज त्यांना गाडीपर्यंत सोडायला आला.

म्हणून सांगते, तू तिथे जाऊ नकोस. निदान आत्ता नको. तू पाया पडलीस, रडलीस, तर तो बिचारा नाही कसा म्हणणार? घरी आलेल्या मुलीला तो हो म्हणेल, आणि मनात नसताना म्हणेल. त्याची आई गेली आहे. त्याला हवा तेवढा वेळ रागावू दे. तुला झोप लागत नाही ते मला कळतं. मलाही लागत नाही. ते त्याने मिटवायचं नाही, ते आपलं आहे.

तू इकडे ये. राखीला ये, त्याआधी ये, जमेल तेव्हा ये. बाबा दार उघडतील. काय बोलतील, बोलतील का, ते मला सांगता येत नाही, आणि तुला बघून त्यांना आनंदच होईल असं खोटंही लिहीत नाही. तुझा आवाज ऐकला की अजूनही ते खोलीतून उठून जातात. पण मग दाराशी उभं राहून ऐकतात.

तन्मयलाही आण. दोघं अजून एकमेकांशी बोललेले नाहीत. त्याला राग असेल, असणारच, त्याच्या जागी मी असते तर घर डोक्यावर घेतलं असतं. त्याला बाबांना काय सुनवायचंय ते सुनवू दे. बाबांना त्याच्या उतरण्याबद्दल काय सांगायचंय, ते जितकं कडू सांगायचंय तितकं सांगू दे, जेवणाच्या पानावर सांगायचं तर तिथेही सांगू दे. तू आणि मी आपलं मुकाट जेवायचं. या वेळी दोघींपैकी कोणीही मध्ये पडायचं नाही.

आई